लेकी बोले, सुने लागे

वेलदोड्याची जाहिरात करावी लागते, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या घरी वेलदोडे वाण्याकडून कागदाच्या पुडीत यायचे. श्रीखंड, पुरणपोळी, मोदकाचे सारण आणि पाहुण्यांपुरता चहा एवढ्यात ती पुडी संपायची. वेलदोडा हिरवागार आहे की वाळकुटा, सोलल्यावर आत दाणे किती निघतात, यावरून आई वाण्याशी हुज्जत घालायची. पण तो कोणत्या कंपनीचा, असे तिने कधी विचारल्याचे आठवत नाही. त्याच वेलदोड्यासाठी आता हिंदी चित्रपटांतले दोन-दोन, तीन-तीन कोट्यधीश नट महागड्या गाडीतून फिरतात आणि एकमेकांकडे बघून अर्थपूर्ण हसतात.

एप्रिल २०२२ मध्ये अक्षयकुमारने ‘विमल इलायची’च्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची जाहीर माफी मागितली आणि त्या कामातून अंग काढून घेतले. वेलदोडा विकला म्हणून माफी! त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अमिताभ बच्चन ‘कमला पसंद’मधून बाहेर पडले. ही ‘सरोगेट’ जाहिरात ठरते याची करार करताना कल्पना नव्हती, असा खुलासा त्यांच्या कार्यालयाने केला. २०१६ मध्ये तर पडद्यावरचा माजी जेम्स बाँड पिअर्स ब्रॉस्नन ‘पान बहार’चा डबा हातात घेऊन आपल्या वर्तमानपत्रांत झळकला आणि गदारोळ झाल्यावर आपली दिशाभूल झाली असे म्हणाला. एवढ्या जाणत्या माणसांना जे उमगले नाही ते आमच्या कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याला पहिल्या दिवसापासून उमगलेले होते.

‘सरोगेट’ म्हणजे बदली, दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला. ज्या मालाची जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे, त्या मालाचे नाव एखाद्या निरुपद्रवी वस्तूला द्यायचे आणि त्या वस्तूची जाहिरात करायची. दारूच्या जागी सोडा, गुटख्याच्या जागी वेलदोडा. या प्रकाराला मराठीत वेगळा शब्द शोधायची गरज मला वाटत नाही, कारण आपल्याकडे म्हणच आहे : लेकी बोले, सुने लागे. सासू बोलते लेकीकडे बघून, पण बोल असतात सुनेसाठी. लेकीला ते कळते, सुनेला कळते, ओसरीवर बसलेल्या सासऱ्यालाही कळते. आणि कोणी विचारायला गेलेच तर सासूबाई म्हणायला मोकळ्या, ‘अगंबाई, मी तर माझ्या मुलीशी बोलत होते!’

माझ्या पिढीने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो क्रिकेटच्या निमित्ताने. १९९६ ची विश्वचषक स्पर्धा भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत झाली, तिचे अधिकृत नावच ‘विल्स वर्ल्ड कप’ होते. पुढची काही वर्षे आपल्या खेळाडूंच्या छातीवर तेच नाव होते. आमच्या सोसायटीतली मुले वहीच्या पुठ्ठ्यावर ते चिन्ह हुबेहूब काढीत. त्यांच्या लेखी ते सचिनच्या शर्टावरचे चिन्ह होते; सिगारेटचे पाकीट त्यांनी नंतर ओळखले. २००१ मध्ये तंबाखूविरोधी विधेयक संसदेत आले तेव्हा आयटीसी कंपनी खेळांच्या प्रायोजकत्वातून स्वतःहून बाजूला झाली. २००३ चा कायदा झाला आणि तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आली.

दारूचे प्रकरण याहून रंगतदार. दूरदर्शन दारू-सिगारेटच्या जाहिराती घेत नसे. मग उपग्रह वाहिन्या आल्या आणि थोडा काळ मोकळे रान मिळाले. २००० साली केबल नियमांत दुरुस्ती होऊन तेही बंद झाले. त्यानंतर आपल्या दिवाणखान्यात सोड्याचा, सफरचंदाच्या रसाचा, बाटलीबंद पाण्याचा आणि गाण्यांच्या कॅसेट-सीडींचा जो पूर आला तो आठवा. ‘बॅगपायपर’ सोड्याच्या जाहिरातीत हिंदी चित्रपटांतले नट मैफल जमवीत, हे तर त्याही आधीपासून चालू होते. मैफलीचा थाट असा, की सोडा पिऊन माणसे इतकी रंगात येतात यावर विश्वास ठेवायला फार मोठे मन हवे. गंमत म्हणजे कॅसेटची दुकाने बंद पडली, सीडी लावायचे यंत्रही घराघरांतून गेले, तरी व्हिस्कीच्या नावाच्या सीडींची जाहिरात पुढे कितीतरी वर्षे चालू होती.

बँकेच्या नोकरीत असताना हा व्यवहार मी आतून एकदा पाहिला. १९९० च्या दशकाची अखेर असेल. नाशिककडच्या एका शाखेत मी होतो. सोडा भरण्याच्या एका कारखान्याची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणारा अर्ज आला. नाव अर्थातच एका दारूचे. मी ताळेबंद उघडला आणि पान उलटायचे थांबलो. वर्षभरात विकलेल्या सोड्याच्या रकमेपेक्षा जाहिरातीच्या खर्चाची रक्कम कितीतरी मोठी होती, आणि हे एका वर्षी नव्हे, तिन्ही वर्षी. तो खर्च भागवायला समूहातल्या दुसऱ्या कंपनीकडून पैसा येत होता. मालाची तपासणी करायला गोदामात गेलो. भरलेल्या बाटल्यांचे क्रेट एका भिंतीशी होते आणि त्यांच्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. मी त्या गृहस्थांना म्हटले, ‘अहो, या गतीने सोडा खपायला तुम्हाला दहा वर्षे लागतील.’ ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत म्हणाले, ‘साहेब, सोडा विकायला कोण बसलंय इथं?’

मी हे सगळे टिपणात लिहून प्रस्ताव वर पाठवला. जमिनीचे तारण भक्कम होते, मर्यादा मंजूर झाली आणि ते खाते माझी बदली होईपर्यंत अगदी नियमित होते. व्याज महिन्याच्या महिन्याला भरले जाई. बँकेच्या दृष्टीने तक्रारीला जागाच नव्हती.

सोडा विकायचा नव्हता, तर मग विकायचे काय होते? नाव. आणि नाव ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय ही मेख कळत नाही. मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे; ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्यालय तिथे आहे. बौद्धिक संपदेतले तीन प्रकार आपल्यासारख्यांना माहीत असावेत. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा हक्क. तो २० वर्षांनी संपतो. कॉपीराइट म्हणजे लेखन, चित्र, संगीत अशा निर्मितीवरचा हक्क. आपल्याकडे तो लेखक गेल्यानंतर ६० वर्षे टिकतो. माझ्या कादंबऱ्यांचे हक्क त्यामुळे माझ्या नातवंडांपर्यंत पोचतील. त्यांतून त्यांचा रोजचा चहा निघेल की नाही हा भाग वेगळा. (कादंबरीच्या नुसत्या शीर्षकावर मात्र कॉपीराइट नसतो. चित्रपटाच्या शीर्षकावरून गेलेल्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले.) तिसरा प्रकार ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारी नाव किंवा चिन्ह. याची नोंदणी १० वर्षांची असते, पण दर १० वर्षांनी फी भरली की पुढे चालू. शोध जुना होतो, लेखक विस्मरणात जातो. ट्रेडमार्क कायद्याच्या दृष्टीने अमर राहू शकतो. अट एकच, तो वापरात हवा. सलग पाच वर्षे न वापरलेले नाव नोंदवहीतून काढून टाकावे, असा अर्ज कोणीही संबंधित करू शकतो.

नोंदणी होते ती वर्गवार. एकूण ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले सेवांचे. तंबाखू आणि सिगारेट ३४ व्या वर्गात, व्हिस्की-रम-ब्रँडी ३३ व्या वर्गात. बिअर मात्र ३२ व्या वर्गात, आणि तिथे तिच्या शेजारी कोण आहे? मिनरल वॉटर, सोडा आणि फळांचे रस! पंगतीला पाट मांडताना यजमानाने गंमत करावी तसा हा प्रकार आहे. पण वर्गवारी आंतरराष्ट्रीय आहे, आपल्या कोणा कारकुनाची नव्हे.

एका वर्गात नाव नोंदवले म्हणजे सगळे रान आपले, असेही नसते. हैदराबादच्या वझीर सुलतान टोबॅको कंपनीने ‘चारमिनार’ हे नाव तयार तंबाखूच्या सर्व प्रकारांसाठी नोंदवले होते, पण कंपनी करीत होती फक्त सिगारेट. किवाम आणि जर्दा करणाऱ्या एका व्यापाऱ्याला तेच नाव आपल्या मालासाठी हवे होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की जो माल तुम्ही करीत नाही त्यावर नावाची मक्तेदारी सांगून बसता येणार नाही. तेव्हा एखादी कंपनी आपले नाव इतर वस्तूंना लावून ठेवते यामागे दर वेळी कपटच असते, असे म्हणता येणार नाही. नाव राखायचे तर वापरावे लागते.

याच्या उलट टोकाचा एक मजेदार खटला दिल्ली उच्च न्यायालयात १९९० च्या दशकात झाला. एका उत्पादकाने पुरुषांच्या अंतर्वस्त्रांना ‘बेंझ’ हे नाव दिले, वर त्या प्रसिद्ध चिन्हाची आठवण व्हावी असे चित्रही छापले. जर्मनीची मोटार कंपनी कोर्टात आली. आता मोटार कुठे आणि चड्डी कुठे! मोटार घ्यायला निघालेला माणूस चुकून चड्डी घेऊन घरी येईल अशी भीती कोणालाच नव्हती. तरीही न्यायालयाने ते नाव वापरायला मनाई केली. अशा नावाला जो लौकिक असतो तो वस्तू बदलली तरी लोकांच्या मनात नावाबरोबर येतो, आणि त्यावर दुसऱ्याने पोळी भाजून घेऊ नये, असा तो विचार. पुढे ट्रेडमार्कच्या १९९९ च्या कायद्यात, जो २००३ मध्ये अमलात आला, नामांकित चिन्हांना हे संरक्षण स्पष्ट शब्दांत मिळाले.

माझे म्हणणे इथे सुरू होते. दुसऱ्या कोणी आपले नाव भलत्याच वस्तूवर लावले, की मोठ्या कंपन्या कोर्टात सांगतात : महाराज, वर्ग वेगळे असतील, पण लोकांच्या मनात नाव एकच असते, ते ऐकले की आमचाच माल आठवतो. न्यायालय हे मान्य करते, आणि माझ्या मते बरोबरच करते. पण सरकारने विचारले की बाबांनो, व्हिस्कीचे नाव घेऊन सोडा कसला विकता, की लगेच उत्तर येते : साहेब, हा सोडा आहे, व्हिस्कीशी त्याचा काय संबंध? एकच नाव एका कचेरीत मनाने एक असते आणि दुसऱ्या कचेरीत वर्गाने वेगळे. दोन्ही जबाब एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचायचे काम आपल्याकडे फारसे कोणी करीत नाही.

तंबाखूच्या बाबतीत ते झाले आहे. २००३ च्या कायद्याखालच्या नियमांत अप्रत्यक्ष जाहिरातीची व्याख्या आली. तंबाखूच्या मालाचे नाव इतर वस्तू, सेवा किंवा कार्यक्रमांसाठी वापरणे हीच अप्रत्यक्ष जाहिरात, असे त्यात म्हटले आहे. रंगसंगती आणि मांडणीसुद्धा त्यात आली. दारूसाठी असा एकच देशव्यापी कायदा नाही, कारण दारू हा राज्यांचा विषय. वाहिन्यांसाठी जे केबल नियम आहेत त्यांत २००९ मध्ये एक सवलत घातली गेली : नाव सारखे असले तरी चालेल, पण पडद्यावर फक्त परवानगी असलेली वस्तू दिसावी, मनाई असलेल्या मालाचा सूचक उल्लेख नसावा, त्याचे रंग आणि थाट नसावेत. म्हणजे सासूने काय बोलावे याचे नियम झाले. बोलूच नये असे काही कोणी म्हटले नाही.

या नावांच्या बाजारात खरी किंमत किती, याचा एक हिशेब आपल्या बँकांनी भरून पाहिला आहे. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या, ओढ्याकाठच्या फांदीवर टपून बसणारा निळा पक्षी. बिअरच्या बाटलीवरून तो पाण्याच्या बाटलीवर आला, २००३ पासून कॅलेंडरवर आला आणि २००५ मध्ये विमानाच्या शेपटीवर चढला. विमान कंपनी खरी होती, विमाने उडत होती. तिला नुसती बदली जाहिरात म्हणणे अन्यायाचे होईल. पण आकाशात फिरणारा तो पक्षी बिअरचाच होता, हेही खरे. कंपनी कर्जात बुडाली तेव्हा २०१० च्या सुमारास विमान कंपनीचे नाव आणि चिन्हे बँकांकडे तारण ठेवली गेली. त्यांचे मूल्यांकन ४,००० कोटी रुपयांहून अधिक झाल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते.

आम्ही जुन्या वळणाचे बँकवाले. तारण म्हटले की घर, जमीन, सोने, मुदत ठेवीची पावती. सोने सोनाराने कसावर घासून पाहिल्याशिवाय पाकिटात जात नसे. नावाला कस कोणत्या दगडावर लावतात, मला अजून कळलेले नाही. २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले. ३० एप्रिल २०१६ रोजी बँकांनी ही नावे लिलावाला काढली. राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख रुपये. एकही बोली आली नाही. किंमत उतरवून पुन्हा लिलाव केला, तरी कोणी फिरकले नाही. गोव्यात कांदोळीचा बंगला २०१७ मध्ये ७३ कोटींच्या आसपास गेला. विलेपार्ल्याचे ‘किंगफिशर हाऊस’, ज्याची राखीव किंमत आधी १५० कोटी होती, ते २०२१ मध्ये ५२ कोटींच्या घरात गेले. चार भिंतींना गिऱ्हाईक मिळाले, नावाला मिळाले नाही.

का मिळाले नाही? बिअरच्या नावाचा हक्क बिअरच्या कंपनीकडे, दुसऱ्या वर्गात, शाबूत होता. लिलावात होते ते फक्त वाहतुकीच्या सेवेसाठीचे नाव. ज्या बाटलीवर ते नाव पोसले गेले होते ती बाटली सौद्यात नव्हती. बिअर आजही दुकानात मिळते. तिच्या कंपनीत २०२१ पासून हॉलंडच्या हायनेकेनचा निम्म्याहून अधिक वाटा आहे. बँकेत पैसे ठेवणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी या व्यवहारातून एवढे तरी पाहून ठेवावे, की विमानाच्या शेपटीवरच्या खंड्याची किंमत कोणी आणि कशावरून ठरवली होती.

हे झाले मोठ्या रकमांचे. आपल्या महाराष्ट्रात याची दुसरीही बाजू आहे आणि मला ती जास्त जाचते. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावातले दुकान बंद करायचे असेल तर आपल्याकडे मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. नुसती झालेल्या मतदानाच्या निम्मी पडून भागत नाही. शेतमजुरी बुडवून, घरातल्या पुरुषाचा रोष पत्करून आणि कधी मार खाऊन बायका त्या रांगेत उभ्या राहतात. ज्यांनी हे एकदा जवळून पाहिले आहे त्यांना दारूबंदी यशस्वी होते की नाही यावरच्या शहरी चर्चा पुस्तकी वाटतात. त्या बायकांच्या घरी टीव्ही आहे. संध्याकाळी सामना लागला की दर षटकानंतर बाटली उभीच असते, फक्त तिच्यावर सोडा असे लिहिलेले असते.

गुटख्याचेही तसेच. महाराष्ट्राने २००२ मध्ये बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली; २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे गुटखा आणि पानमसाला या दोन्हींवर पुन्हा बंदी आली आणि वर्षावर्षाने वाढवली गेली. म्हणजे ज्या नावाचा पानमसाला या राज्यात विकायचा नाही, त्याच नावाचा वेलदोडा या राज्यातल्या मुलांना तोंडपाठ आहे.

जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून सरोगेट जाहिरातीला प्रथमच त्या नावाने मनाई केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला वर्षभर आणि पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. वाचायला बरे वाटते. पण त्याच तत्त्वांत एक परंतुक आहे : नाव सारखे आहे एवढ्यावरून जाहिरात सरोगेट ठरणार नाही. तेव्हा सगळे येऊन ठेपते एका प्रश्नावर, हा सोडा खरा की नावापुरता?

मी आमच्या डोंबिवलीत चार दुकाने फिरलो. टीव्हीवर पाहिलेल्या एका सोड्याचे नाव घेतले. तिघांनी नाही म्हणून सांगितले. चौथा ओळखीचा निघाला, म्हणाला, ‘काका, ते हवं असेल तर पलीकडे वाईन शॉपला जा.’

जाहिरातदारांच्याच एएससीआय या मुंबईतल्या संस्थेने, जी १९८५ पासून काम करते, खऱ्या वस्तूची काही मोजमापे ठरवली आहेत. वर्षाला देशभरात ५ कोटींच्या वर किंवा माल जिथे पोचतो त्या राज्यात १ कोटीच्या वर विक्री, हे त्यांपैकी एक. ती कागदोपत्री दाखवता येते, समूहातल्या कंपन्यांनी एकमेकांना माल विकूनही दाखवता येते. पण एक गोष्ट दाखवता येत नाही, आणि माजी बँकवाल्याचे लक्ष तिकडेच जाते. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. सोडा, पाणी, वेलदोडा जीएसटीत आहेत. कोणत्या क्रमांकाखालचा माल किती रुपयांचा आणि कोणाला विकला, हे विवरणपत्रात नोंदलेले असते. व्हिस्कीच्या नावाच्या सोड्याची खरी विक्री एका कागदावर आणि त्याच्या जाहिरातीचे बिल दुसऱ्या कागदावर असे मांडायला एखाद्या बऱ्या कारकुनाला एक दुपार पुरे. आम्ही नाशिककडे तेवढ्याच वेळात केले होते, तेही संगणकाशिवाय. ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पुढच्या सामन्याच्या वेळी सोड्याची जाहिरात लागली, की तो फिरवून हे दोन कागद कोणी शेजारी ठेवून पाहिले आहेत का, एवढेच विचारायचे.